मन लागण्याची वाट न पाहता



‘मन लागत नाही’ हे शब्द मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. कातकरी वाडीवर ऐकते, उपासना सुटल्यावर मंदिराच्या पायरीवर ऐकते, मुलं मुंबईला आणि एवढ्या मोठ्या घरात आपण दोघंच, अशा वयस्कर जोडप्यांकडून ऐकते. मालवणीत म्हणतात, ‘कशातच जीव रमना नाय.’ बहुतेकांच्या तोंडी मनाचा शब्दही येत नाही. डोकं जड झालंय, अंग मोडून आलंय, झोप लागत नाही, जेवण जात नाही, एवढंच सांगतात आणि दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतात.

या अंकासाठी मनाच्या आरोग्याला मदत करणाऱ्या रोजच्या सवयींवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. मी आधी यादी करायला बसले. लवकर उठा, चालायला जा, वेळेवर जेवा, मोबाईल बाजूला ठेवा, चार माणसांत मिसळा. लिहून झाल्यावर वाटलं, ही यादी तर कॅलेंडरच्या मागच्या पानावरही मिळते. ती चुकीची नाही. पण यादी माहीत नाही म्हणून कुणी खचत नाही. खचलेल्या माणसाला यातलं सगळं ठाऊक असतं, फक्त त्याच्याने ते होत नाही. मग अशा वेळी करायचं काय? हे मला एका बाईने शिकवलं, आणि त्याआधी मी तिच्या बाबतीत मोठी चूक केली. ती चूक आधी सांगते.

पाच वर्षांपूर्वीचा पावसाळा. कट्ट्याच्या बाजारपेठेपासून थोडं आत, काजूच्या बागांना लागून, सात-आठ झोपड्यांची कातकरी वस्ती होती. ती बाई तिथली, तिशीतली. तिचं नाव लिहीत नाही. मी तिला वयनी म्हणते. नवरा चिऱ्याच्या खाणीवर कामाला होता, तो त्या हिवाळ्यात आजाराने गेला. मागे नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा, आणि त्याने मुकादमाकडून घेतलेली उचल. उन्हाळाभर वयनी कशीबशी बागांच्या साफसफाईला गेली. पाऊस लागला, काम थांबलं, आणि ती झोपडीत भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. चूल मुलगी पेटवायची. चुलीवर काय ठेवायचं ते बहुतेक शेजारच्या म्हातारीकडून यायचं.

मी जात होते, बसत होते. तिच्यासाठी प्रार्थना करू का असं विचारलं, तिने हरकत घेतली नाही. प्रत्येक वेळी निघताना मी सांगायची, ‘वयनी, देवावर भार टाका. रोज प्रार्थना करा. मनाला बरं वाटायला लागेल, मग हळूहळू कामाला लागा.’ तिसऱ्या वेळी ती म्हणाली, ‘ताई, तुमी सांगलास ता केलंय. पन भाकरी थापूक हातच उठना नाय. म्हंजे माजीच भक्ती कमी पडली?’ मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. चौथ्या वेळी गेले तर मुलगी दारात उभी. म्हणाली, ‘आई घरात नाय.’ प्लास्टिकच्या पडद्याखालून मला वयनीचे पाय दिसत होते.

मी स्कूटर वळवून परत आले. थिऑलॉजीचा डिप्लोमा आणि वीस वर्षांचं समाजकार्य पदरी असलेल्या माझ्यापासून एक दुःखी बाई लपून बसली होती, कारण मी गेले की तिला आणखी एका परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटत होतं.

प्रार्थना करायला सांगितलं ही चूक नव्हती. चूक क्रमात होती. आधी मनाला बरं वाटेल, मग हात चालतील, हा तो क्रम. आपण सगळेच असं मानतो, कारण निरोगी माणसाचं रोजचं तसंच चालतं. उत्साह वाटला की माणूस उठतो. पण मन खचल्यावर ही वाट बंद होते. मन लागत नाही म्हणून माणूस घरात बसतो. घरात बसला की कुणी भेटत नाही, हातून काही होत नाही, दिवसात चांगलं वाटावं असं काही घडतच नाही. मग मन आणखी उतरतं आणि दुसऱ्या दिवशी उठणं आणखी जड जातं. ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांना हे चटकन कळेल. वापर नसलेल्या विहिरीचा उपसा थांबतो, गाळ साचतो, झरे बुजतात. पाणी चांगलं झालं की उपसा करू असं म्हणून कुणी बसत नाही. उपसा सुरू केल्यावरच पाणी सुधारतं, आणि पहिल्या दिवशीच्या घागरी गढूळच निघतात.

म्हणजे आधी कृती, मग मन. हे माझं मत नाही, आणि फार लांबून आणलेलंही नाही. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. तिथे १९९६ साली सुरू झालेली ‘संगत’ नावाची संस्था आहे, तिच्या संस्थापकांपैकी एक डॉ. विक्रम पटेल. आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ फार थोडे, खेड्यात तर नाहीतच, मग उदासीच्या आजाराने पडलेल्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रातच मदत कशी द्यायची, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी एक साधी पद्धत बसवली. तज्ज्ञ नसलेली, स्थानिक, सामान्य माणसं घेतली. त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि नंतर देखरेखीखाली सराव करून घेतला. हे सल्लागार रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटायचे, दर वेळी अर्धा-पाऊण तास. औषध द्यायचं नाही, उपदेश करायचा नाही. दिवस कसा जातो ते विचारायचं, काय काय सुटलंय ते बघायचं, त्यातली एखादी लहान गोष्ट ठरवून पुन्हा सुरू करायची, माणसांशी तुटलेला संबंध जोडायचा आणि समोरच्या अडचणींतली एक सोडवायला हात द्यायचा.

मग या पद्धतीची नीट परीक्षा घेतली. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ या काळात ४९५ रुग्ण निवडले. सगळे बऱ्यापैकी तीव्र उदासीचे. निम्म्यांना केंद्रातली नेहमीची सेवा थोडी सुधारून दिली, निम्म्यांना तीच सेवा आणि जोडीला या भेटी. तीन महिन्यांनी पाहिलं तर नुसत्या सेवेत शंभरातले ३९ जण उदासीतून बाहेर आले होते, भेटी झालेल्यांत ६४. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. वर्षाने पुन्हा पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता.

मला या आकड्यांतला दुसरा भागही महत्त्वाचा वाटतो. भेटी होऊनही शंभरातले ३६ त्या मुदतीत बाहेर आले नाहीत. म्हणजे ही जादू नाही. काहींना औषध लागतं, काहींना डॉक्टर लागतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

एका प्रशिक्षणात मला ही पद्धत कळली आणि मी पुन्हा वाडीवर गेले. या वेळी वयनीच्या मनाबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, ‘गेल्या वर्षी या दिवसांत तुम्ही काय करत होतात?’ बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘व्हाळात कुर्ल्यो पकडूक जाय होतंव.’ पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन सगळ्या बाया निघायच्या, चढणीचे मासे मिळायचे, कुर्ल्या मिळायच्या, उरलेल्या सकाळी बाजारात विकायच्या. सांगता सांगता ती उठून बसली. मला वाटलं, झालं, आता हिला म्हणावं, उद्यापासून जा व्हाळावर. प्रशिक्षणात बजावलं होतं तेवढ्यामुळे तोंड आवरलं. ते तिच्यासाठी फार मोठं होतं. पहिल्याच दिवशी जमलं नसतं आणि आणखी एक नापासाचा शेरा बसला असता.

आम्ही ठरवलं ते इतकं लहान होतं की लिहायलाही संकोच वाटतो. सकाळी उठल्यावर तोंड धुवायचं आणि चहा आत न घेता दारात बसून घ्यायचा. बस्स. मन असो नसो. हाक मारायचं काम शेजारच्या म्हातारीने अंगावर घेतलं. ती स्वतः सत्तरीची, मशेरी लावत दारात बसलेली असायची. रोज सकाळी तिचा आवाज सगळ्या वाडीला ऐकू यायचा, ‘उठ गो, चाय घेतंस मां? भायर ये.’

पहिल्या आठवड्यात सातांतले चार दिवस वयनी बाहेर आली. मुलीने दाराच्या कुडावर कोळशाने रेघा ओढून ठेवल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात चहानंतर दार झाडायचं ठरलं. मग दहाच्या सुमाराला पेज स्वतः शिजवायची. श्रावणात एका रात्री ती बायांबरोबर व्हाळावर गेली. कुर्ल्या फार मिळाल्या नाहीत, पण भिजून आली आणि त्या रात्री झोपली. गणपतीच्या दिवसांत, सगळीकडे आरत्या चालू असताना, ती पुन्हा दहा-बारा दिवस पडून राहिली. मागच्या गणपतीला नवरा होता. म्हातारीची हाक मात्र चालू राहिली. पुन्हा चहापासून सुरुवात झाली.

या सगळ्यात माझा वाटा थोडा आहे. मी पंधरा दिवसांनी एकदा जात होते, म्हातारी रोज हाक मारत होती.

आता सवयींकडे येते. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वजन सकाळच्या उठण्याला आहे. उदासीत सकाळ सर्वात वाईट असते. पुष्कळांना पहाटे तीन-चारला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही, आणि उजाडल्यावर उठावंसं वाटत नाही. मग दिवसा झोप, रात्री जागरण. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. रोज एकाच वेळी उठून बाहेरच्या उजेडात थोडा वेळ बसलं की रात्रीची झोप हळूहळू जागेवर येते. कोकणातल्या पावसाळ्यात हे अवघड आहे हे मान्य. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, घरात अंधार, कपडे ओले, जाणार कुठे? पण ढगाळ सकाळचा बाहेरचा उजेडही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. पडवीत बसा, दारात बसा. रात्री कितीही वाजता झोप लागो, उठायची वेळ बदलायची नाही. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची बऱ्याच अंशी असते.

दुसरं जेवणाचं. भूक लागली की जेवेन म्हणणारा खचलेला माणूस दिवसभर उपाशी राहतो, कारण भूकच मेलेली असते. म्हणून घड्याळाप्रमाणे जेवायचं, भुकेप्रमाणे नाही. आपल्या जुन्या माणसांची पेजेची वेळ ठरलेली असायची. त्यामुळे घरातला प्रत्येकजण दिवसातून एकदा तरी दुसऱ्यासमोर बसायचा. कोण जेवलं नाही ते लगेच कळायचं. आता प्रत्येकजण आपलं ताट घेऊन आपापल्या मोबाईलपुढे बसतो. मोबाईलबद्दल एवढंच पुरे, त्यावर सगळेच लिहितात.

हातांना काम हवं, आणि शक्यतो त्याचा परिणाम डोळ्यांना दिसेल असं. झाडलेलं खळं दिसतं, निवडलेले तांदूळ दिसतात, वळलेली दोरी दिसते. मन स्वतःला ‘तू निकामी आहेस’ असं सांगत असतं, तेव्हा समोरचं झाडलेलं खळं त्याला थोडंसं खोटं पाडतं. चालण्याचंही तसंच. व्यायाम म्हणून चाला म्हटलं तर वाडीवरच्या बाया हसतील, त्या आधीच दोन-दोन मैल चालतात. पण निवृत्त होऊन घरी बसलेल्या आपल्या मंडळीतल्या भावांना मी सांगते, दूध पिशवीतून घरपोच मागवू नका, आणायला जा. वाटेत दोन माणसं भेटतात, ‘खय चल्लास?’ विचारतात, उत्तर द्यावं लागतं. तेवढंही पुरतं.

एकत्र गाणं ही सवय आपल्याकडे आहे म्हणून तिची किंमत आपल्याला कळत नाही. आदिवासींना ती आपल्याआधी कळली होती. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर कलाकार चित्रकथी दाखवत, कळसूत्री बाहुल्या नाचवत. त्या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. कला म्हणून तिचा गौरव झाला, चांगलंच झालं. पण चित्रकथी बघायला माणसं जमतात आणि एकत्र बसतात, हे मला त्याहून मोठं वाटतं. कातकरी वाडीत कुणी बाई गाण्याला आली नाही तर दुसरी तिच्या दारात जाऊन उभी राहते. आमच्या उपासनेत एखादं कुटुंब तीन रविवार आलं नाही तर आम्ही काय करतो, याचा मी अलीकडे जास्त विचार करते.

एक सवय अशी आहे जी औषध असल्याचं सोंग घेते. ती दारू. ‘जरा घेतल्याशिवाय झोप लागत नाही’ हे मी पुरुषांकडून फार ऐकते, आणि हल्ली काही बायांकडूनही. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं. पण मध्यरात्रीनंतर तीच झोप मोडते, पहाटे घाम फुटून जाग येते, आणि सकाळचं मन काल होतं त्याहून उतरलेलं असतं. मग संध्याकाळी पुन्हा तोच उपाय. फार वर्षांची रोजची सवय असेल तर एकदम तोडण्यातही धोका असतो. हात कापतात, भास होतात, फिट येऊ शकते. अशांनी डॉक्टरच्या सल्ल्यानेच सोडावी. घरच्यांनी ‘शपथ घे आणि आजच सोड’ असा हट्ट धरू नये.

एलीयाची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला, केवढा विजय झाला, आणि ईजबेलीच्या एका धमकीने तोच संदेष्टा रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. आम्हाला वर्गात कर्मेलचा अग्नी शिकवला, होरेबवरची मंद वाणी शिकवली. मधल्या भाकरीवर कुणी थांबलं नाही. मी वयनीच्या दारातून परत आल्यावर तो अध्याय पुन्हा उघडला, पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा. देवदूत एलीयाला रागावत नाही, विश्वास कुठे गेला असं विचारत नाही. त्याला झोपू देतो, मग हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. निखाऱ्यावरची भाकर, पाणी. तो खातो आणि पुन्हा झोपतो. पुन्हा उठवणं, पुन्हा खाणं. मग चाळीस दिवसांची चाल. देवाशी बोलणं त्यानंतर, आणि काम व सोबतीला अलीशा तर आणखी पुढे. मी वयनीला पहिल्याच दिवशी होरेबवर न्यायला निघाले होते.

हे सगळं लिहिताना एक भीती आहे. सवयी सुधारा म्हटलं की सगळं ओझं पुन्हा त्याच माणसावर पडतं. वयनीच्या डोक्यावर उचल होती. दारात बसून चहा घेतल्याने ती फिटत नव्हती. मुकादमाचा माणूस येऊन सांगून गेला होता की बापाचं देणं फेडायला मुलीला पुढच्या मोसमात पाठवा. ते ऐकल्यावर कुणाला झोप लागेल? म्हणून गोव्याच्या त्या पद्धतीत अडचण सोडवण्याचा भाग आहे, आणि तो शेपटीला जोडलेला नाही. उचलीपोटी माणसाला बांधून काम करून घेणं १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, आणि असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच कायदा रद्द करतो. नऊ वर्षांच्या मुलीला तर कामावर नेताच येत नाही. हे आम्ही वाडीत सगळ्यांना बसवून समजावलं, तहसील कार्यालयात अर्ज दिला, मुकादमाला त्याची कल्पना दिली. माणूस परत आला नाही. जातीच्या दाखल्याला मात्र चौदा महिने लागले. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात, कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. त्यांच्यासाठी २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राची पीएम-जनमन योजना आली. घर, पाणी, रस्ता, वीज असं बरंच तिच्यात आहे. पण कागद नसलेल्या माणसापर्यंत योजना पोहोचत नाही, आणि खचलेला माणूस कागदाच्या रांगेत उभा राहू शकत नाही. त्याच्या बरोबर कुणीतरी उभं राहावं लागतं. आपल्यापैकी कुणाला मनाच्या आरोग्यासाठी खरोखर काही करायचं असेल तर तहसीलच्या रांगेतली एक सकाळ हेही त्यातच मोडतं.

आता धोक्याच्या खुणा. दुःख झालं की उदास वाटणारच, तो आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस, दिवसातला बहुतेक वेळ मन उतरलेलं असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच गोडी नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण घरच्यांना ओझं आहोत असं बोलणं येत असेल, तर सवयींवर भिस्त ठेवून थांबू नका. डॉक्टरला दाखवा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही. रक्तदाबाची गोळी घेताना आपण असं म्हणत नाही. मनोविकाराच्या उपचाराची सोय जिल्हा रुग्णालयात असते, आमच्या भागातून त्यासाठी ओरोसला जावं लागतं. जाता येत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. वाडीवरच्या शाळेच्या भिंतीवर आम्ही तो रंगाने लिहून घेतला आहे.

‘जगून काय उपयोग’ असं कुणी म्हणालं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला जागा मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, बागेत मारायची औषधं, दोर, असं हाताशी असलेलं दूर करा आणि त्याच दिवशी मदत गाठा. कोकणात आंबा-काजूच्या बागांमुळे घराघरात कीटकनाशकाची बाटली असते. ती कुलपात ठेवणं हीसुद्धा एक सवयच आहे.

कट्टा म्हटलं की बाहेरची माणसं विचारतात, गावाचं नाव असं कसं? मराठीत कट्टा म्हणजे बसायची, गप्पा मारायची जागा. ही आठवण एका लांबच्या कामामुळे झाली. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून हरारे शहरात आज्यांना तयार केलं. दवाखान्याच्या आवारातल्या लाकडी बाकावर आजी बसते, शेजारी येऊन माणूस आपलं सांगतो. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आमच्याकडे ‘इचार करून करून आजारी पडलो’ म्हणतात, तेच. तिथेही अभ्यास झाला आणि आज्यांशी बोललेल्यांना बराच आराम पडल्याचं दिसलं. आमच्या मंडळीत आता दोन भगिनी आणि एक निवृत्त शिक्षक, बुधवारी संध्याकाळी मंदिराच्या पडवीत बसतात. पाटी लावलेली नाही. चहा असतो. पहिले दोन महिने कुणीही आलं नाही, तिघांनी आपसातच गप्पा मारल्या. आता येतात. त्यांना आम्ही तीन गोष्टी सांगितल्या आहेत. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, प्रार्थनेच्या निमित्तानेसुद्धा नाही. ‘इतरांकडे बघा, त्यांना किती त्रास’ हे वाक्य वापरायचं नाही. आणि माणूस उठून जाण्याआधी पुढच्या आठवड्यात करायची एक बारीकशी गोष्ट त्याच्याच तोंडून ठरवून घ्यायची.

या वर्षी मिरगाच्या आधी मी वाडीवर गेले. वयनी झोपडीवर नवं प्लास्टिक ओढून दगड ठेवत होती, मुलगी खालून दगड देत होती. ती आता चौदा वर्षांची आहे, कट्ट्याच्या शाळेत जाते. वयनीचे वाईट दिवस अजून येतात. पावसाच्या तोंडावर जास्त येतात, हे तिला आता माहीत आहे. त्या दिवसांत चहा दारातच घ्यायचा, एवढा नियम ती मोडत नाही. मी बसायला गेले तर तिने थांबवलं. शेजारच्या झोपडीकडे बोट करून म्हणाली, ‘म्हातारी चार दिस भायरच येवक नाय. सून गेली माहेराक. मी सकाळी हाक मारतंय, पन ती ओ देना नाय.’ मग पेल्यात चहा ओतला आणि तो घेऊन ती तिकडे गेली.